परड्यातलं दुसरं घर

मी कोल्हापुरात लहान घरांचे नकाशे काढते. मोठ्या स्कीमा आणि मंगल कार्यालयं माझ्या वाट्याला फारशी आली नाहीत. माझ्याकडे येतात ती शिवाजी पेठेतली, मंगळवार पेठेतली, राजारामपुरीच्या गल्ल्यांतली आणि कसबा बावड्यातली माणसं. मागणं बहुतेकांचं एकच असतं. पुढचं घर आहे तसं ठेवायचं आणि मागच्या परड्यात धाकट्यासाठी, लेकीसाठी किंवा भाड्याने द्यायला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर काढायचं. त्यांचं चुकत नाही. १५ डिसेंबर १९७२ ला नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द वाढली नाही. पुढची पन्नास वर्षं शहर त्याच सुमारे ६७ चौरस किलोमीटरमध्ये मावत राहिलं. २०११ च्या जनगणनेत एवढ्या जागेत साडेपाच लाख माणसं मोजली गेली. २०१७ मध्ये भोवतालच्या ४२ गावांसाठी प्राधिकरण आलं, हद्दवाढीसाठी आंदोलनं झाली, तिच्याविरुद्धही झाली. तोवर घरोघरची मुलं मोठी होऊन त्यांची लग्नं लागली. त्यांना राहायला जागा हवीच होती आणि ती परड्यातच शिल्लक होती. अशा प्रत्येक घराला शेजारी असतात. त्यांच्याकडून मला जे उमगत गेलं, ते इथे लिहिते आहे.

१. शेजाऱ्याला सर्वांत जास्त लागतं ते वाळूच्या डंपरकडून बातमी कळणं. वर्षानुवर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं असतात. बारशी, दिवसकार्यं, आजारपणं सगळं एकमेकांच्या सोबतीने काढलेलं असतं. आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी डंपर थांबतो, ड्रायव्हर खाली उतरून नेमकं त्या शेजाऱ्यालाच विचारतो, "मामा, यांच्या परड्यात वाळू कुठनं न्यायची?" त्या दिवसापासून मामा हद्द, गटार, सामासिक अंतर असे शब्द बोलायला लागतात. दुखणं या शब्दांत नसतं. थोडा वेळ त्यांच्या सोप्यात बसलं, चहा झाला, की ते आपोआप बाहेर येतं: "बांधायला आमी न्हाई म्हणलोय व्हय, ताई? एका शब्दानं इचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

म्हणून माझा आता हट्ट असतो. नकाशा महापालिकेत जाण्याआधी शेजाऱ्याच्या सोप्यात उलगडायचा. मालकांना हे फार जड जातं. विचारायला गेलो तर नाहीच म्हणतील, अशी धास्ती असते. नाही म्हणणारे भेटतात, पण ते कसंही केलं तरी नाहीच म्हणणार असतात. बाकीचे दोन-चार गोष्टी मागतात. न्हाणीचा पाईप आमच्या बाजूला नको, जिना पलीकडून घ्या, पाण्याची टाकी जरा सरकवा. कागदावर असताना यातलं जवळपास सगळं जमतं. स्लॅब पडल्यावर यातलं काहीच जमत नाही.

२. परडं कधीच रिकामं नसतं. मिळकत पत्रिकेवर ती खुली जागा असते आणि माझ्या नकाशातही मी ती पांढरीच सोडते. प्रत्यक्षात तिथे शेजारच्या काकी कुरडया घालतात, त्यांच्या वळचणीचं पाणी तिथे उतरतं, पलीकडच्या घराची हवा तिथून जाते, शेवग्याच्या शेंगा तीन घरांत वाटल्या जातात. मालकी एकाची आणि वापर चौघांचा, अशी ती जागा असते. त्यात एखादं जुनं झाड असेल तर कायद्याचंही लक्ष असतं. १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते, आणि गल्लीतली पहिली तक्रार बहुतेक वेळा त्या झाडावरूनच जाते.

३. उन्हाबद्दलची भांडणं अंदाजावर चालतात आणि सूर्याचा हिशेब अंदाजापेक्षा वेगळा निघतो. हे मला उत्तरेश्वर पेठेकडच्या एका आज्जींनी शिकवलं. दक्षिणेकडच्या परड्यात दुमजली घर होणार म्हणून त्यांच्या घरचे सगळे चिडलेले होते. सून म्हणत होती, उन्हाळ्यात पापड-कुरडया कुठे वाळवायच्या? मुलगा वकिलाकडे जाऊन आला होता. आज्जींनी मला एवढंच विचारलं, "ऊन किती वाजंपर्यंत राहील, त्ये सांग."

मला ते तिथल्या तिथे सांगता आलं नाही, म्हणून घरी येऊन आकडे मांडले. कोल्हापूर साधारण १६.७ उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारीही सूर्य इथे क्षितिजापासून सुमारे ५० अंशच वर येतो. म्हणजे २० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेकडे १७ फुटांपर्यंत जाते. एप्रिलच्या मध्यात तीच सावली अडीच फुटांवर येते. मेच्या पहिल्या आठवड्यानंतर सूर्य दुपारी थेट डोक्यावर असतो आणि नंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत तो किंचित उत्तरेकडे झुकलेला राहतो. तेव्हा कुरडयांचं दुपारचं ऊन कुठेच जाणार नव्हतं. जाणार होतं ते डिसेंबर-जानेवारीचं, आज्जी गुडघ्यांना तेल लावून ज्यात बसायच्या ते. सगळं घर ज्यावर भांडत होतं ते सुरक्षित होतं, आणि ज्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं ते जाणार होतं. आज्जींना ते ठाऊक होतं.

मालकांशी बोलून वरचा मजला दक्षिणेकडे मागे ढकलला, उत्तरेच्या बाजूला गच्ची सोडली. सावली आखूड झाली आणि आज्जींच्या अंगणाची वरची कड उन्हात राहिली. मालकांची एक खोली लहान झाली. त्यांनी ते मान्य केलं, कारण समोर आकडे होते आणि आकड्यांवर रागावता येत नाही. तेव्हापासून मी प्रत्येक परड्यातल्या घरासाठी डिसेंबरची सावली काढते. ती कुठल्याही परवानगीला लागत नाही.

४. गल्ली भल्या शब्दावर चालते, कायदा वर्षं मोजतो, आणि दोन्ही एकमेकांसमोर आले की चांगुलपणाचेच हाल होतात. १८८२ चा इझमेंट कायदा सांगतो की उजेड, हवा किंवा वाट सलग २० वर्षं कुणी न अडवता वापरली, आणि वाट असेल तर उघडपणे आणि हक्क म्हणून वापरली, तर तो वहिवाटीचा हक्क होतो. यातले "हक्क म्हणून" हे दोन शब्द फार महत्त्वाचे आहेत. परवानगीने केलेला वापर कितीही वर्षं चालला तरी त्याचा हक्क होत नाही.

आता गल्लीत काय झालेलं असतं पाहा. परड्याच्या मालक आबांनी कधीतरी शेजाऱ्याला म्हटलेलं असतं, "जावा की आमच्या परड्यातनं, वळसा कशाला घालता?" शेजारी तीस-पस्तीस वर्षं तिथून सायकल, मग स्कूटर काढत असतो. आबा जातात, मुलगा घर बांधायला काढतो, वाट बंद होते. प्रकरण कोर्टात गेलं तर शेजाऱ्याला जिंकण्यासाठी शपथेवर सांगावं लागतं की आम्ही कुणाची परवानगी घेतलीच नव्हती, आम्ही हक्कानेच जात होतो. आणि मुलाला जिंकण्यासाठी सांगावं लागतं की माझे वडील मोठ्या मनाचे होते, त्यांनी दया म्हणून जाऊ दिलं. एकाला आबांचा भलेपणा नाकारावा लागतो, दुसऱ्याला तो हत्यार म्हणून वापरावा लागतो. आबांवर माया दोघांचीही असते. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी खूप वेळ सुन्न होते.

उजेडाचंही सोपं नाही. हा हक्क घराच्या खिडक्या-दारांना मिळतो, मोकळ्या अंगणातल्या उन्हाला मिळत नाही. आणि उजेड थोडा कमी झाला एवढ्याने भागत नाही, राहणं खरंच अवघड झालं हे दाखवावं लागतं. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९०४ मध्ये कोल्सच्या खटल्यात हाच विचार मांडला होता: पूर्वी किती उजेड होता यापेक्षा उरलेला उजेड माणसाला पुरतो का, ते पाहायचं. आज्जींचं गुडघ्यांचं ऊन कुठलंच कोर्ट त्यांना देणार नव्हतं. ते शेजाऱ्यानेच द्यायचं होतं.

५. खिडकीचा वाद बायकांचा असतो आणि त्यावर बोलतात पुरुष. परड्यात वरचा मजला आला की शेजारची न्हाणी, धुण्याचा दगड, मागचं दार सगळं नजरेखाली येतं. बैठकीत पुरुष फूट-इंच सांगत बसतात. "वरनं सगळं दिसतंया" हे वाक्य मला नेहमी स्वयंपाकघरातच ऐकायला मिळालं आहे, बैठक उठल्यावर, हळू आवाजात. मी बाई असल्याचा या धंद्यात झालेला सगळ्यांत मोठा उपयोग हाच.

ही अडचण जुनी आहे. इझमेंट कायद्याच्या १८ व्या कलमात रूढीने मिळणाऱ्या हक्कांचं उदाहरण म्हणून नेमकं हेच दिलं आहे: एखाद्या गावची तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या घरातल्या आडोशाच्या भागावर नजर जाईल अशी नवी खिडकी काढता येत नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद हायकोर्टापुढे असाच खटला होता, नव्या घराच्या व्हरांड्यातून शेजारच्या बायकांच्या वावराची जागा दिसत होती, आणि कोर्टाने खाजगीपणाची ती रूढी मानली. अर्थात तशी रूढी आहे हे ज्याने-त्याने शाबीत करायचं असतं आणि ते कठीण असतं. नकाशात मात्र ते कठीण नाही. खिडकीचा उंबरा पाच फुटांवर घ्यायचा, किंवा विटांची जाळी करायची, किंवा खिडकी दुसऱ्या भिंतीला न्यायची. हवा येते, उजेड येतो, खाली कोण आहे ते दिसत नाही. खर्च जवळपास तेवढाच. फक्त हे कुणीतरी स्वयंपाकघरात जाऊन ऐकलेलं असावं लागतं.

६. मोजणी हद्दीचा वाद मिटवते, मनातला मिटवत नाही. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात: पूर्वेस अमक्यांचं घर, पश्चिमेस बोळ. मिळकत पत्रिकेवर चौरस मीटर असतात. आणि जागेवर एक जुनी दगडमातीची भिंत असते, ती नेमकी कुणाची हे सांगणारं माणूस हयात नसतं. हद्द कायम करायला मोजणी बोलावणं बरोबरच आहे, मी स्वतः ती करून घ्यायला सांगते. पण ती शेजाऱ्याबरोबर मिळून मागवावी, दोघांनी मिळून पैसे भरावेत. एकट्याने मागवलेली मोजणी ही गल्लीत चढाई समजली जाते.

७. परड्यातल्या घराचा सर्वांत अवघड शेजारी पुढच्याच घरात राहतो. थोरला रस्त्याकडे, धाकटा मागे, अशी वाटणी कागदावर समान क्षेत्रफळाची असते. राहायला गेल्यावर कळतं की रस्ता एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे फक्त बोळ. पाण्याचं कनेक्शन पुढे, ड्रेनेज पुढून, विजेचा मीटर पुढच्या भिंतीवर. मागच्याला प्रत्येक गोष्टीसाठी भावाच्या दारावरून जावं लागतं. आई आहे तोवर हे दिसत नाही. कायदा अशा मागच्या हिश्श्याला जाण्यायेण्याची वाट मानतो, पण ती किती रुंद, हे वाटणीपत्रात लिहिलेलं नसेल तर पुढची पिढी त्यावर आयुष्य घालवते. मी बोळाची रुंदी ठरवताना एकच प्रश्न विचारते: मागच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला स्ट्रेचरवर बाहेर काढता येईल का? वळणावर स्ट्रेचर वळेल का? तीन फुटांच्या बोळातून आईला खुर्चीवर बसवून, तिरकी धरून, उचलून नेणारे दोन भाऊ मी पाहिले आहेत. त्या दोघांचं वर्षभर बोलणं नव्हतं. नकाशावर बोळ आणखी फूटभर वाढवायला एरवी कुणी तयार नसतं, पण स्ट्रेचरचा शब्द काढला की दोघंही गप्प होतात आणि मग तयार होतात.

आणि बहिणी. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला. ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. पूर्वी तर माहेरचं कुटुंब राहत असलेल्या घराची वाटणी भावांनी आपले हिस्से वेगळे केल्याशिवाय बहिणीला मागताच येत नव्हती. ते कलमही २००५ मध्ये गेलं. तरी माझ्या टेबलावर नकाशाबरोबर बहिणीचं हक्कसोडपत्र येतंच. माहेर तुटू नये म्हणून तिने सही केलेली असते. मी तो कागद पाहते आणि मला दरवेळी वाईट वाटतं. एका बहिणीने मात्र माझ्यासमोर भावाला सांगितलं, "सही करते दादा, पण मागच्या घरात माझी एक खोली नकाशावर दाखव." दादा म्हणाले, वर्षातनं चार दिवस येणार तू, त्यासाठी खोली? ती म्हणाली, "चार दिवस यायचे का कायमचं, ते मला कुठं ठाऊक आहे?" मी नकाशा गुंडाळला आणि दोघांना बोलत बसू दिलं. खोली झाली. सही तिने केली नाही, आणि मला वाटतं ते बरं झालं.

८. आपल्या शहरात जोत्याची उंचीसुद्धा शेजारधर्माचा प्रश्न आहे. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ वर धोका, हे कोल्हापुरातलं शाळकरी पोरही सांगतं. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या पुढे गेली. निळ्या पूररेषेच्या आत नवं घर बांधता येत नाही. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात बांधायचं तर जोता उचलावा लागतो, आणि ते योग्यच आहे. पण भराव घालून परडं तीन फूट वर आलं की पूर्वी तिथे मुरणारं, साठणारं पावसाचं पाणी शेजारच्या जुन्या, खोलगट घरात शिरतं. त्यासाठी पुराची वाट पाहावी लागत नाही, जुलैतली एक रात्र पुरते. भरावाऐवजी कॉलमवर घर उचललं आणि खालची जमीन मोकळी ठेवली तर पाण्याला जागा राहते. पैसे थोडे जास्त लागतात. या एका मुद्द्यावर मी मालकाचं ऐकत नाही.

९. परवानगी हे शेजाऱ्याला दिलेलं उत्तर नव्हे. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता जवळपास साऱ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. ती रस्त्याची रुंदी पाहते, चटई क्षेत्र पाहते, सामासिक अंतर पाहते. जागा कुणाची याचा निवाडा ती करत नाही आणि आबांनी कुणाला काय शब्द दिला होता हे तिला ठाऊक नसतं. दुसरीकडे, परवानगीच न घेता रातोरात पत्रा आणि मग स्लॅब टाकणारेही आहेत. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली की नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येते, घरफाळ्यावर शास्ती लागते, आणि तक्रार करणाऱ्याच्याही मागच्या शेडची चौकशी सुरू होते. मग सगळी गल्ली कागदपत्रं शोधत बसते.

परड्यात दुसरं घर काढणं जगातही चाललं आहे. व्हँकुव्हरने २००९ मध्ये मागच्या गल्लीकडे तोंड करून दुसरं छोटं घर बांधायला मुभा दिली. कॅलिफोर्नियाने २०१६ पासून कायदे करत जाऊन परसातल्या अशा घरांचे अर्ज शेजाऱ्यांची सुनावणी न घेता, ठरल्या मुदतीत निकाली काढायला शहरांना भाग पाडलं, कारण सुनावणीच्या नावाखाली शेजारी घरं वर्षानुवर्षं अडवत होते. घरावाचून अडलेल्या तरुण माणसांच्या बाजूने मी तो निर्णय समजू शकते. आपल्याकडेही नियमात बसणारी परवानगी लवकर आणि हेलपाट्यांशिवाय मिळावी, असं मला मनापासून वाटतं. एका माणसाच्या हट्टापायी दुसऱ्याची सून माहेरी राहू नये. मात्र शेजाऱ्याला अडवण्याचा अधिकार न देणं आणि त्याचं ऐकूनच न घेणं यात फार अंतर आहे, आणि ऐकण्याचं काम कुठला नियम करून देणार नाही.

१०. कोर्ट जवळ आलं, ते चांगलं झालं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं आणि सहा जिल्ह्यांची प्रकरणं इथे चालतात. बोळाच्या, भिंतीच्या दाव्यातलं दुसरं अपील घेऊन म्हाताऱ्या माणसांना मुंबईची गाडी पकडावी लागायची, ते थांबलं. ज्यांचा हक्क खरंच मारला जातो त्यांना याचा केवढा आधार आहे, हे मी पाहते आहे. ज्यांचं भांडण अजून बोलण्यासारखं आहे त्यांना मी लोकअदालतीकडे पाठवते. तिथे दोघांच्या संमतीने झालेला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. शिवाय तिथे कुणाला आबांबद्दल शपथेवर काही सांगावं लागत नाही.

सध्या मंगळवार पेठेतलं एक काम हातात आहे. साडेतीन फुटांचा बोळ, उत्तरेला जुनं कौलारू घर, मागे धाकट्यासाठी दोन खोल्या. मालकांनी विचारलं, नकाशात शेजारचं घर का काढलंय, त्यांच्या खिडक्या, त्यांची न्हाणी, त्यांच्या वळचणी कशाला? महापालिकेला तर लागत नाही. मी म्हटलं, रविवारी तुम्हाला हा कागद घेऊन त्यांच्याकडे जायचं आहे, तेव्हा लागेल. ते म्हणाले, "तुम्ही पण या की ताई." जाणार आहे.